इलिझारोव्ह पद्धत

हाड मुद्दाम छेदून त्याची दोन टोके रोज थोडी थोडी दूर सरकवली, तर मधल्या फटीत नवे हाड तयार होते. या गुणधर्मावर आधारलेली ही अस्थिशल्यचिकित्सेतील पद्धत आहे. सोव्हिएत शल्यचिकित्सक गाव्रिल अब्रामोविच इलिझारोव्ह (१९२१–९२) यांनी सैबेरियातील कुर्गान येथे ती विकसित केली. आखूड पाय लांब करणे, वाकडे हाड सरळ करणे, न जुळलेला अस्थिभंग जुळवणे आणि अपघातात किंवा जंतुसंसर्गात गेलेला हाडाचा भाग भरून काढणे यांसाठी ती वापरतात. आपल्याकडे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक ‘पायाला रिंग बसवली’ असेच म्हणतात.

त्वचा किंवा स्नायू खोल फाटला तर जखम भरते, पण व्रण मागे राहतो. हाड मात्र हाडानेच भरून येते. इलिझारोव्ह यांनी या क्षमतेला शिस्तीत कामाला लावले. शस्त्रक्रियेत हाडाचे फक्त कठीण बाह्य कवच छेदतात. आतली मज्जा, वरचे आवरण आणि त्यांतील रक्तवाहिन्या होता होईल तो जपतात. पायाभोवती धातूची कडी असतात. हाडातून आरपार गेलेल्या १.५ ते १.८ मिमी. जाडीच्या तारा सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणून या कड्यांना बांधतात. कडी एकमेकांना आट्यांच्या सळ्यांनी जोडलेली असतात. पाच ते सात दिवस काहीच करायचे नाही. तोवर फटीत दुरुस्तीच्या पेशी जमतात. मग नट फिरवायला सुरुवात होते. सळीच्या दोन आट्यांत १ मिमी. अंतर असल्याने नटाचा पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. रुग्ण किंवा घरचे माणूस हा पाव फेरा दिवसातून चार वेळा देते.

रोज १ मिमी. हा आकडा अंदाजाने ठरलेला नाही. इलिझारोव्ह यांनी कुत्र्यांच्या नडगीवर रोज अर्धा, एक आणि दोन मिमी. अशा गती तपासल्या. अर्ध्या मिलिमीटरला फट बरेचदा वेळेआधीच जुळून येई, दोनला ताणल्या जाणाऱ्या ऊतींना इजा होई. तेच १ मिमी. जितक्या जास्त टप्प्यांत विभागावे तितके हाड चांगले येते, असेही दिसले. १९०५ मध्ये इटलीतील आलेस्सांद्रो कोदिव्हिल्ला यांनी पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली होती, पण त्यांची ओढ जोराची आणि एकदम होती. या पद्धतीचे खरे मर्म ओढीच्या लयीत आहे.

फटीत घडते ते पाहण्यासारखे असते. गर्भात लांब हाडे आधी कूर्चेच्या (नाकाच्या शेंड्यात असते तशा लवचीक ऊतीच्या) रूपात तयार होतात आणि मग त्यांचे हाड होते. कवटीची चपटी हाडे मात्र कूर्चेशिवाय थेट बनतात. साध्या अस्थिभंगात दुरुस्ती बहुधा कूर्चेच्या वाटेने जाते. ताणलेल्या फटीत बहुतेक हाड कवटीसारखे थेट तयार होते. मध्यभागी तंतूंचा मऊ पट्टा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी ओढीच्या दिशेने, एकमेकांना समांतर, नव्या हाडाचे बारीक स्तंभ वाढतात. त्यांच्यासोबत रक्तवाहिन्या, चेता (नसा) आणि त्वचाही वाढते.

इलिझारोव्ह दोल्गोव्का या खेड्यात डॉक्टर होते. १९५२ मध्ये त्यांनी आपल्या कड्यांच्या उपकरणाच्या शोधाचा हक्क मिळवण्यासाठी अर्ज केला. मॉस्कोतील वैद्यकवर्तुळाने बराच काळ दखल घेतली नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील उंच उडीचा सुवर्णपदकविजेता व्हालेरी ब्रुमेल याचा पाय पुढच्या वर्षी मोटारसायकल अपघातात चिरडला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर तो १९६८ मध्ये कुर्गानला गेला, बरा झाला आणि पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारू लागला. पश्चिम युरोपला ही विद्या कळली ती इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी यांच्यामुळे. जुन्या अस्थिभंगाने अधू झालेला त्यांचा पाय १९८० मध्ये कुर्गानला सुधारला आणि पुढच्याच वर्षी इलिझारोव्ह यांना इटलीत व्याख्यानासाठी बोलावण्यात आले.

रुग्णाला याची किंमत मोजावी लागते. लांबी मिळाली तरी नवे हाड पक्के व्हायला वेळ लागतो. दर सेंटिमीटरमागे कडी साधारण महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ ठेवावी लागते. तारांच्या छिद्रांत जंतुसंसर्ग वारंवार होतो, सांधे आखडतात. रोजची स्वच्छता, व्यायाम आणि पायावर भार देऊन चालणे टाळले, तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते. आता हाडाच्या आत बसणारे आणि बाहेरून चुंबकाने लांबवता येणारे खिळे मिळतात. त्यांत बाहेर कडी नसतात, पण रोजच्या ओढीचा नियम तोच राहतो. १९९२ पासून ही ओढ माणसाच्या आखूड जबड्यासाठीही वापरली जाऊ लागली.

पेशींना ओढ कळते कशी, हा आजच्या संशोधनाचा विषय आहे. उंदरांवरील प्रयोगांत ओढ चालू असेतो बीएमपी-२ आणि बीएमपी-४ या अस्थिजनक प्रथिनांची जनुके जोरात काम करताना आढळली. २०१८ मध्ये उंदराच्या जबड्यावरील अभ्यासात याहून विलक्षण गोष्ट दिसली. ताणल्या गेलेल्या मूलपेशींनी, गर्भात चेहऱ्याची हाडे घडवणाऱ्या चेताशिखा पेशींसारखी जनुकीय अवस्था पुन्हा धारण केली होती. साध्या अस्थिभंगात, जिथे ओढ नव्हती, तिथे त्या तशा बदलल्या नाहीत.