मॉलमध्ये किराणा स्वस्तच मिळतो, असं नाही

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: मॉलमध्ये छापील किमतीवर सूट मिळते, म्हणून महिन्याचा किराणा तिथंच स्वस्त पडतो.

सूट खरी असते, पण ती एमआरपीवर मोजलेली असते. एमआरपी ही करांसह कमाल किंमत. त्याखाली किती घ्यायचं हे प्रत्येक दुकानदार ठरवतो, आणि गल्लीतला दुकानदारही बऱ्याच वस्तू एमआरपीपेक्षा कमीनं देतो. फक्त पाटी लावत नाही.

पडताळायचं तर दर किलोमागे काढा. समजा, तूरडाळीचं 900 ग्रॅमचं पाकीट 135 रुपयांना आहे. 135 भागिले 0.9, म्हणजे किलोला 150. दुकानात सुटी डाळ 146 ला असेल तर तीच स्वस्त. मात्र डाळ एकाच प्रतीची हवी. पॉलिश आणि बिनपॉलिश यांची तुलना करू नका.

तेलात सगळ्यात जास्त फसगत होते. एक लिटर सोयाबीन तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात सुमारे 13.65 किलोच तेल; 15 किलोच्या डब्यापेक्षा जवळपास 1.35 किलो कमी. डब्यावरचं निव्वळ वजन वाचूनच भाव विचारा.

साबण, बिस्किटं, मोठी पाकिटं मॉलमध्ये अनेकदा खरंच स्वस्त असतात. धान्य, डाळी, गूळ, सुकी मिरची यांचा भाव मात्र आधी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात विचारावा. नेहमी लागणाऱ्या दहा वस्तू, दोन्हीकडचे दर, एकाच दिवशी वहीत लिहा. रिक्षाभाडंही त्यातच धरा.