मधयंत्राचे हादरे बोल्टने थांबतात का?
मध काढण्याचे यंत्र फिरताना हादरत असेल तर ते जमिनीला बोल्टने आवळले की दोष जातो, असा समज दीर्घकाळ पसरलेला आहे. आवळल्याने यंत्र सरकत नाही, हे खरे. परंतु हादऱ्याचे मूळ बहुधा यंत्रात समोरासमोर बसवलेल्या, मधाची पोळी असलेल्या चौकटींच्या वजनातील फरकात असते, आणि वेग दुप्पट झाला की त्या फरकाची ओढ चौपट होत असल्याने आवळलेल्या यंत्रात सारा ताण मधला फिरता दांडा व बेअरिंगवर येतो. पडताळणीसाठी यंत्र आधी रिकामे फिरवावे. ते स्थिर राहिले, तर चौकटी तोलून सारख्या वजनाच्या समोरासमोर लावाव्यात आणि सुरुवात संथ ठेवावी. नाजूक नव्या पोळ्यांसाठी हा संथपणा विशेष गरजेचा आहे. रिकामे यंत्रही डगमगले, तर मात्र दांडा वाकला आहे का आणि पाय समपातळीत आहेत का, हे पाहावे.