मानसिक आरोग्य व्यावसायिकांचे निरंतर शिक्षण

मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, मनोरुग्णांसोबत काम करणारे सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारक पदवी व नोंदणी मिळाल्यापासून निवृत्त होईपर्यंत जे शिकत राहतात, त्याला निरंतर व्यावसायिक शिक्षण म्हणतात. कार्यशाळा, परिषदा, वेबिनार, वाचन, सुपरव्हिजन (ज्येष्ठाच्या देखरेखीखाली आपले काम तपासून घेणे), सहकाऱ्यांचे चर्चागट आणि स्वतःच्या कामाची पद्धतशीर तपासणी हे सगळे त्यात मोडते. बोलण्यात मात्र या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा ‘तास भरणे’ किंवा ‘पॉइंट मिळवणे’ एवढाच उरतो, आणि या विषयातली खरी अडचण तिथेच आहे.

मनोपचार दार लावून चालतो. शल्यचिकित्सकाच्या बाजूला भूलतज्ज्ञ असतो, परिचारिका असतात. शिक्षकासमोर अख्खा वर्ग असतो. इथे खोलीत दोनच माणसे असतात आणि त्यातला एक मदत मागायला आलेला असतो. काही चुकले तर ते सांगणारे कुणी नसते. दुखावलेला क्लायंट सहसा भांडत नाही, तो पुढच्या वेळी येत नाही. न येण्याची कारणे अनेक असू शकतात, त्यामुळे थेरपिस्टला त्यातून काही उमगेलच असे नाही. अशी वीस वर्षे गेली तरी तीच चूक तेवढ्याच आत्मविश्वासाने होत राहू शकते.

हे नुसते तर्काने म्हटलेले नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२९ मानसिक आरोग्य व्यावसायिकांना समव्यावसायिकांच्या तुलनेत स्वतःचे कौशल्य कुठे आहे असे विचारले. चौथ्या हिश्श्याने स्वतःला सर्वोत्तम दहा टक्क्यांत बसवले. सरासरीपेक्षा खाली स्वतःला एकानेही ठेवले नाही. २००५ च्या एका अभ्यासाचे आकडे अधिक बोलके आहेत. ५५० क्लायंटांपैकी उपचाराअखेर कुणाची स्थिती आधीपेक्षा बिघडेल, असे थेरपिस्टांना विचारले होते. त्यांनी ३ जणांची नावे घेतली. प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली. १७० थेरपिस्ट आणि साडेसहा हजारांहून अधिक क्लायंटांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१६ च्या अभ्यासात असे दिसले की अनुभव वाढला म्हणून उपचारांचे फळ वाढत नाही. सरासरी किंचित घसरतेच. ही घसरण फार लहान होती, काही थेरपिस्ट सुधारलेही आणि उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण अनुभवाबरोबर कमी झाले, हेही त्याच अभ्यासात आहे. तरी ‘अनुभवाने माणूस आपोआप शिकतो’ या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला. शिकण्यासाठी आपण काय केले आणि त्याचे काय झाले, हे कळावे लागते. बंद खोलीत नेमके तेवढेच कळत नाही.

शिकत राहण्याचे दुसरे कारण म्हणजे ज्ञान जुने होते. मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल डुबिन यांनी १९७२ मध्ये व्यावसायिक ज्ञानाच्या ‘अर्धायुष्या’ची कल्पना मांडली. शिकलेल्यातले निम्मे निरुपयोगी व्हायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. मानसशास्त्रज्ञासाठी तो त्यांनी दहा ते बारा वर्षे धरला होता. आकडा अंदाजाचा आहे, पण उदाहरणे खरी आहेत. १९७० मध्ये पदवी घेतलेला तज्ज्ञ समलैंगिकता हा विकार आहे असे शिकून बाहेर पडला होता. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये ती विकारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. ज्याने मधल्या काळात पुस्तक मिटूनच ठेवले, त्याने किती निरोगी माणसांवर ‘उपचार’ केले असतील याचा विचार करवत नाही. २०१३ मध्ये डीएसएम-५ या अमेरिकन निदान-पुस्तिकेने अॅस्पर्जर हे स्वतंत्र निदान बंद करून ते स्वमग्नतेच्या व्यापक पटात घेतले. २०२२ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत दीर्घकाळच्या आघातांनंतर दिसणाऱ्या गुंतागुंतीच्या विकाराला प्रथमच वेगळी जागा मिळाली. उपचारांचेही तसेच. अपघात किंवा आपत्तीनंतर प्रत्येकाला एका बैठकीत घडलेले सगळे बोलायला लावण्याची पद्धत एके काळी सर्रास शिकवली जाई. पुढे तपासण्या झाल्या तेव्हा तिने आघातोत्तर ताण टळत नाही, उलट काहींना त्रासच होऊ शकतो, असे दिसून आले. चांगल्या हेतूने केलेली गोष्ट सोडून देणे हाही या शिक्षणाचा भाग आहे, आणि नवे शिकण्यापेक्षा तो अवघड आहे.

इतिहास पाहिला तर या शिक्षणाचे दोन झरे दिसतात. एक सुपरव्हिजनचा. १९२० मध्ये सुरू झालेल्या बर्लिनच्या मनोविश्लेषण संस्थेत माक्स आयटिंगोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षणाचे तीन पाय ठरवले: स्वतःचे विश्लेषण, सिद्धान्ताचा अभ्यास आणि ज्येष्ठाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये सामान्य डॉक्टरांचे गट बसवले. डॉक्टरने एका रुग्णाबद्दल बोलायचे आणि त्या रुग्णामुळे आपल्या मनात काय होते, हे गटासोबत शोधायचे. दुसरा झरा परवान्याचा. मानसशास्त्रज्ञांना निरंतर शिक्षणाची सक्ती करणारे अमेरिकेतले पहिले राज्य मेरिलँड, १९५७ साली. पुढे अनेक देशांत नोंदणीचे नूतनीकरण शिकण्याच्या तासांशी किंवा नोंदींशी जोडले गेले.

देशोदेशीच्या नियमांत बराच फरक आहे. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नूतनीकरणासाठी परिषदेने मान्य केलेल्या कार्यक्रमांचे गुण लागतात. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञांची नोंदणी पाहणारी परिषद तास मोजत नाही. व्यावसायिकाने काय शिकले आणि त्याचा क्लायंटला काय फायदा झाला याची नोंद ठेवायची आणि नूतनीकरणाच्या दर फेरीला चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या थोड्या जणांच्या नोंदी तपासायच्या, अशी तिथली रीत आहे. ऑस्ट्रेलियाच्या मानसशास्त्र मंडळाने शिकण्याचे वार्षिक तास ठरवताना त्यातले किमान १० तास सहकाऱ्यांशी सल्लामसलतीचे असावेत अशी अट घातली. सगळ्यांत शहाणपणाचा नियम हाच, कारण आपल्या खोलीतले काम दुसऱ्यासमोर मांडल्याशिवाय हे दहा तास भरत नाहीत.

कार्यशाळेने काय साधते, याचा चांगला अभ्यास २००४ मध्ये झाला. व्यसनमुक्ती क्षेत्रातल्या १४० व्यावसायिकांना प्रेरणात्मक संवादाची, म्हणजे बदलण्याची इच्छा क्लायंटच्याच बोलण्यातून जागवण्याची, पद्धत शिकवायची होती. काहींना फक्त पुस्तक व चित्रफिती दिल्या, काहींना कार्यशाळा, तर काहींना कार्यशाळेनंतर ध्वनिमुद्रित कामावर अभिप्राय, वैयक्तिक मार्गदर्शन किंवा दोन्ही. कार्यशाळेचा फायदा झालाच. अभिप्राय किंवा मार्गदर्शनाची जोड मिळालेले आणखी पुढे गेले. त्यातला एक निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे: आपल्याला ही पद्धत किती जमते याबद्दल शिकणाऱ्यांनी जे सांगितले आणि मुद्रणात जे ऐकू आले, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

मुद्रण ऐकणे म्हणजे काय, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. क्लायंट आईच्या आजारपणाबद्दल बोलता बोलता थांबतो आणि म्हणतो, “जाऊ दे. चालायचंच.” लगेच थेरपिस्टचा आवाज येतो, “बरं, या आठवड्यात झोप कशी होती?” सुपरव्हायझर मुद्रण थांबवतात, थोडे मागे नेऊन पुन्हा लावतात. ‘चालायचंच’ आणि ‘बरं’ यांच्यात दोन सेकंदही गेलेले नाहीत. थेरपिस्टच्या टिपणात त्याच सेशनपुढे ‘झोपेचा आढावा घेतला, संवाद मोकळा झाला’ असे लिहिलेले असते, आणि तिने ते प्रामाणिकपणेच लिहिलेले असते. मग सुपरव्हायझर स्वतः क्लायंट होतात. “जाऊ दे. चालायचंच.” थेरपिस्टने फक्त गप्प राहायचे. पाच वेळा, सात वेळा. त्यानंतर गप्प राहून एकच वाक्य बोलायचे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी संगीतकारांच्या अभ्यासातून मांडलेला हेतुपूर्वक सराव तो हाच: कौशल्याचा लहानसा तुकडा वेगळा काढायचा, तो पुन्हा पुन्हा करायचा आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ऐकून सांगायचे. गवयाला यात काही नवल वाटणार नाही. थेरपिस्टांच्या शिक्षणात ही रीत यायला मात्र फार उशीर झाला.

अभिप्रायाचा आणखी एक साधा मार्ग क्लायंटकडूनच जातो. सेशनच्या शेवटी त्याच्या हातात एक कागद द्यायचा. त्यावर दहा सेंटिमीटरच्या चार आडव्या रेघा: माझे ऐकून घेतले गेले का, मला ज्यावर बोलायचे होते त्यावर बोललो का, कामाची पद्धत पटली का, एकूण बैठक कशी वाटली. क्लायंटने प्रत्येक रेघेवर खूण करायची. एक मिनिटही लागत नाही. खूण डावीकडे सरकलेली दिसली की थेरपिस्टला तिथल्या तिथे विचारता येते, आणि क्लायंट कायमचा निघून जाण्याआधी काही दुरुस्त करण्याची संधी मिळते.

बाजाराचा दबाव या क्षेत्रावर मोठा आहे. भरघोस शुल्क, झळाळते प्रमाणपत्र आणि तुटपुंजा पुरावा अशा नव्या ‘थेरप्या’ निरंतर शिक्षणाच्या नावाने विकल्या जातात आणि त्यांनाही तास मिळतात. ऑनलाइन सत्रांमुळे दूरच्या, एकट्याने काम करणाऱ्या व्यावसायिकाची मोठी सोय झाली, हे मान्य करायलाच हवे. कॅमेरा बंद ठेवून हजेरी लावण्याचीही सोय झाली. व्यावसायिकाच्या स्वतःच्या थकव्याकडे मात्र अभ्यासक्रम अजून फार कमी लक्ष देतात. रोज दुसऱ्याचे दुःख ऐकणाऱ्याचे कान हळूहळू बधिर होऊ शकतात, आणि हे बहुधा आधी सहकाऱ्याच्या ध्यानात येते, स्वतःच्या नाही.

ध्वनिमुद्रणावर आधारलेल्या शिक्षणाला क्लायंटची माहितीपूर्ण संमती लागते. मुद्रण कोण ऐकणार, किती दिवस ठेवणार आणि कधी पुसणार हे आधी सांगावे लागते. क्लायंट नाही म्हणाला किंवा नंतर संमती मागे घेतली, तरी त्याच्या उपचारात काही कमी होता कामा नये. चर्चेतही नाव, गाव, नोकरी अशा ओळखीच्या खुणा काढूनच केस मांडली जाते.