‘या जाहिरातीला माझी मान्यता आहे’: २००८ मधल्या नाराजीची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २००८ च्या मध्यावर, राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाला तीन आठवडे उरले असताना, अमेरिकेतल्या एका बड्या वृत्तपत्राने आणि एका टीव्ही वाहिनीने मिळून मतदारांची पाहणी केली. रिपब्लिकन उमेदवार, ॲरिझोनाचे सिनेटर जॉन मॅककेन, स्वतः काय करणार हे सांगण्यापेक्षा समोरच्याला झोडपण्यातच जास्त वेळ घालवतात, असं दहांतल्या सहा जणांचं म्हणणं पडलं. डेमोक्रॅटिक उमेदवार बराक ओबामा यांच्याबद्दल जवळपास तेवढ्याच लोकांचं मत नेमकं उलट होतं. ज्यांचं रिपब्लिकन उमेदवाराबद्दलचं मत अलीकडे बिघडलं होतं, त्यांनी दोन मुख्य कारणं दिली: हे हल्ले आणि उपराष्ट्राध्यक्षपदासाठी केलेली निवड. पाहणीतला कौल होता ओबामांना ५३ टक्के, मॅककेनना ३९.

१५ सप्टेंबरला वॉल स्ट्रीटवरची एक जुनी पेढी बुडाल्यावर सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचं पारडं तसंही हलकं होणारच होतं. पण लोकांच्या उत्तरांत रागापेक्षा अपेक्षाभंग जास्त दिसत होता. ‘यांच्याकडून हे अपेक्षित नव्हतं’ असा तो सूर होता. ॲरिझोनाच्या या सिनेटरांकडून नेमकं वेगळं काय अपेक्षित होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही, चिखलफेक तशी जुनीच आहे. १८२८ साली एका उमेदवाराच्या बायकोच्या पहिल्या लग्नावरून जे छापलं गेलं, ते आजही वाचवत नाही. निवडून आलेल्या नवऱ्याचा शपथविधी बघायलाही ती उरली नाही, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारली. १९६४ ची फुलाच्या पाकळ्या मोजणारी मुलगी आणि त्यामागून होणारा अणुस्फोट, ही जाहिरात तर पैसे देऊन एकदाच, ७ सप्टेंबरला, दाखवली गेली. बाकीचं काम बातम्यांनी फुकटात केलं.

२००८ चा धागा खरा जुळतो तो १९८८ शी. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मठेपेच्या कैद्यालाही शनिवार-रविवारची रजा मिळत असे. या रजेला तिकडेही फर्लोच म्हणतात, आपल्या तुरुंगखात्यातला शब्द तोच. अशा रजेवर सुटलेला एक कैदी परतलाच नाही. त्याने मेरीलँडमध्ये एका जोडप्यावर हल्ला केला, बलात्कार केला. डेमोक्रॅटिक उमेदवार मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते. कैद्याचा फोटो दाखवणारी जाहिरात एका बाहेरच्या समितीने केली. कैदी कृष्णवर्णीय होता आणि फोटो कशासाठी होता हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. अधिकृत प्रचाराने त्याच विषयावर नाव-फोटो टाळून फिरत्या दरवाजाची वेगळी जाहिरात चालवली. फोटोबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: ती आमची नाही. उन्हाळ्यात एका पाहणीत १७ टक्क्यांनी पुढे असलेले गव्हर्नर नोव्हेंबरात हरले. मतदान पन्नास टक्क्यांच्या किंचित वर, १९२४ नंतरचं सर्वांत कमी. या मोहिमेमागच्या मुख्य डावपेचकाराने पुढे आजारपणात, १९९१ साली, जाहीर माफी मागितली. वृत्तपत्रांत जाहिरातींची सत्यता तपासणारी सदरं याच निवडणुकीनंतर रुळली.

‘ती आमची नाही’ हे उत्तर लक्षात ठेवावं. पुढचा कायदा त्याच उत्तरावरचा तोडगा होता.

त्याआधी फेब्रुवारी २०००. ॲरिझोनाचे हेच सिनेटर न्यू हॅम्पशायरची प्राथमिक फेरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान) मोठ्या फरकाने जिंकून साउथ कॅरोलायनात उतरले. तिथे मतदारांना फोन जाऊ लागले. वरून पाहणीचं सोंग, आत विष. यांना अनैतिक संबंधातून कृष्णवर्णीय मूल झालंय असं कळलं तर तुम्ही मत द्याल का, अशा थाटाचे प्रश्न. प्रत्यक्षात त्या घरातली सावळी मुलगी बांगलादेशातल्या अनाथाश्रमातून दत्तक घेतलेली होती. फोन कुणी केले, पत्रकं कुणी वाटली, हे कधीच सिद्ध झालं नाही. १९ तारखेला ते हरले आणि त्यांची घोडदौड तिथेच अडली. मात्र ‘घाण सोसलेला सरळ माणूस’ ही त्यांची प्रतिमा तिथूनच पक्की झाली. २००८ मधल्या अपेक्षेचं मूळ हेच.

मार्च २००२ मध्ये निवडणूक निधीच्या सुधारणेचा मोठा कायदा झाला. लोक तो त्यांच्याच नावाने ओळखतात. कायद्याचा मुख्य भाग पैशांबद्दल. पण त्यात इतर सदस्यांनी सुचवलेलं एक छोटं कलम आहे, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण २००८ ची गंमत त्यातच आहे.

कलम असं: टीव्हीवरच्या जाहिरातीत उमेदवाराने स्वतःच्या आवाजात आपलं नाव सांगून या जाहिरातीला आपली मान्यता असल्याचं म्हणायचं. म्हणताना तो पडद्यावर तरी दिसावा, नाहीतर आवाजाबरोबर त्याचा ओळखू येईल असा फोटो तरी असावा. शिवाय तेच लेखी स्वरूपात किमान ४ सेकंद. रेडिओवर नुसता आवाज. शिवाय याला पैशाचा चाप आहे. मतदानाआधीच्या ६० दिवसांत, आणि प्राथमिक फेरीआधीच्या ४५ दिवसांत, वाहिन्यांना उमेदवारांना सर्वांत स्वस्त दराने वेळ द्यावी लागते. प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख करून हे कबुलीचं वाक्य गाळलं तर तो स्वस्त दर हातचा जाऊ शकतो.

हेतू साधा होता. माणसाला स्वतःच्या तोंडाने घाण बोलायची लाज वाटेल. हेतूवरच लोकांनी दोन्हीकडून झोड उठवली. सरकार उमेदवाराच्या तोंडी वाक्य घालू शकतं का, हा एक आक्षेप. अशा कबुलीने उलट जाहिरातीला वजनच येईल, हा दुसरा. डिसेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग उचलून धरला. मग प्रचारवाल्यांनी पळवाटा काढल्या. कबुलीचं वाक्य शेवटाऐवजी सुरुवातीलाच उरकायचं, चेहऱ्यावर छान हसू, आणि मग राळ. बाहेरच्या गटांना तर उमेदवाराचा आवाज लागतच नव्हता. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या व्हिएतनाममधल्या कामगिरीवर शिंतोडे उडवणारी जाहिरात अशाच एका गटाची होती, आणि तिला उघडपणे अप्रामाणिक म्हणणारा पहिल्या काही रिपब्लिकनांतला माणूस म्हणजे ॲरिझोनाचे हेच सिनेटर.

तिसरी पळवाट सर्वांत किचकट: हायब्रिड जाहिरात. जाहिरातीत उमेदवाराच्या जोडीने पक्षाचाही मोघम उल्लेख आला तर खर्च पक्ष आणि उमेदवार यांच्यात वाटून घेता येतो. २००४ च्या अशा जाहिरातींवर निवडणूक खर्चाची देखरेख करणाऱ्या आयोगात ३ विरुद्ध ३ मतं पडली, म्हणजे निर्णयच नाही. २००८ मध्ये रिपब्लिकन उमेदवाराने सरकारी निधी घेतला होता, ८ कोटी ४१ लाख डॉलर, त्यापलीकडे खर्चाला बंदी. प्रतिस्पर्ध्याने तो निधी नाकारून एकूण ७० कोटींच्या वर रक्कम उभी केली. त्यामुळे हायब्रिड हा रिपब्लिकन बाजूचा आधार ठरला. पण मोघम उल्लेख करायचा कसा? ‘काँग्रेसमधले (म्हणजे अमेरिकी संसदेतले) उदारमतवादी’ असा. खर्च वाटून घ्यायचा म्हणून टीकेचं एक वाक्य जास्त! पैशाच्या हिशेबाने मजकूर असा कडवट होत जातो, हे माझ्या मते पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

आता २००८. सुरुवात सभ्य होती, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. फेब्रुवारीत सिनसिनाटीच्या सभेत एका रेडिओवाल्याने प्रतिस्पर्ध्याच्या ‘हुसेन’ या मधल्या नावावर जोर देत भाषण केलं, तर उमेदवाराने लगेच हात झटकले. एप्रिलमध्ये स्वपक्षाच्याच राज्य शाखेला प्रतिस्पर्ध्याच्या चर्चमधल्या पाद्र्याबद्दलची जाहिरात मागे घ्यायला सांगितलं. वळण आलं जुलैअखेर. बर्लिनच्या प्रचंड सभेनंतर प्रतिस्पर्ध्याला एका पॉप गायिकेच्या आणि एका बड्या घरच्या वलयांकित तरुणीच्या पंक्तीत बसवणारी जाहिरात आली. हसू झालं, पण अंतर घटलं, आणि सल्लागारांना जे हवं ते सापडलं. सप्टेंबरात प्रतिस्पर्ध्याला बालवाडीत लैंगिक शिक्षण हवंय असं सांगणारी जाहिरात आली. मूळ विधेयकात लहान मुलांना नकोसा स्पर्श ओळखायला शिकवण्याची सोय होती. आधीच्या दोन रिपब्लिकन विजयांच्या शिल्पकारानेसुद्धा टीव्हीवर म्हटलं की जाहिराती एक पाऊल जास्त पुढे गेल्या. त्याने दोन्ही बाजूंना बोल लावला, आणि त्यात तथ्य होतं. याच सुमारास डेमोक्रॅटिक बाजूने रिपब्लिकन उमेदवाराला ईमेल करता येत नाही म्हणून खिजवलं होतं. युद्धकैदेतल्या जखमांमुळे त्यांना टंकन अवघड जात असे.

‘निगेटिव्ह’ या शब्दाचाही घोळ आहे. एका विद्यापीठाच्या प्रकल्पाने जाहिराती मोजल्या. २८ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबरच्या आठवड्यात रिपब्लिकन उमेदवाराच्या जवळजवळ १०० टक्के जाहिराती निगेटिव्ह, समोरच्याच्या ३४ टक्के. आकडे गाजले. पण अशा मोजणीत प्रतिस्पर्ध्याच्या आरोग्य योजनेतल्या करावर बोट ठेवणंसुद्धा निगेटिव्हच ठरतं, आणि कुणा जहाल गटातल्या माजी सदस्याशी त्याची ओळख काढणंही निगेटिव्हच. शिवाय ज्याच्याकडे पैसे जास्त, त्याचे ३४ टक्केही थोडे नसतात. मराठीत टीका, निंदा, बदनामी, चिखलफेक असे वेगवेगळे शब्द आहेत. आपल्या निवडणूक आचारसंहितेतही टीका धोरण, कार्यक्रम आणि पूर्वीच्या कामापुरती ठेवा, खासगी आयुष्यात शिरू नका, असं म्हटलंय. ती किती पाळली जाते ते सोडा. पाहणीत उत्तर देणारा मतदार मात्र हा फरक मनातल्या मनात करत होता, असं मला वाटतं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी घरांत यातल्या फारशा जाहिराती पोचल्याही नसतील. त्यांचा मारा ओहायो, पेनसिल्व्हेनिया अशा अटीतटीच्या राज्यांत होता.

१० ऑक्टोबरला मिनेसोटातल्या लेकव्हिलच्या सभेत एक जण म्हणाला, मला प्रतिस्पर्ध्याची भीती वाटते. उमेदवार म्हणाले, तो सभ्य माणूस आहे, घाबरायचं कारण नाही. स्वतःच्याच समर्थकांनी हुर्यो केली. थोड्या वेळाने एका बाईने प्रतिस्पर्धी अरब असल्याचं म्हटल्यावर त्यांनी मान हलवत मायक्रोफोन परत घेतला. पुढच्याच आठवड्यात त्या जहाल गटातल्या ओळखीवरून प्रतिस्पर्ध्यावर टीका करणारे रेकॉर्ड केलेले फोन अनेक राज्यांत वाजू लागले. साउथ कॅरोलायना ज्यांना आठवत होतं, त्यांना हे सर्वांत जास्त बोचलं. मेनच्या स्वपक्षीय सिनेटरने फोन थांबवा असं जाहीरपणे सांगितलं. १९ तारखेला एका माजी रिपब्लिकन परराष्ट्रमंत्र्याने, प्रचाराच्या सुराकडेही बोट दाखवत, समोरच्याला पाठिंबा दिला. ४ नोव्हेंबरला निकाल लागला: ओबामा जिंकले, निर्वाचक मंडळाची मतं ३६५ विरुद्ध १७३.

कबुलीचं वाक्य कायद्यात आजही आहे. २०१० च्या न्यायालयीन निर्णयानंतर बाहेरच्या गटांना कंपन्यांचा आणि संघटनांचा पैसा हवा तेवढा वापरता येऊ लागला. त्यांच्या जाहिरातींत उमेदवाराचा आवाज लागत नाही. इंटरनेटवरच्या जाहिरातींना ती अट लागूच नव्हती.