हनुवटीवरचं गोंदण आणि चौसष्ट ठिपके

२०११ साली गावी काढलेला आत्याचा एक फोटो आहे. ती सुपात तांदूळ पाखडतेय, मागे माजघराचा काळोखा दरवाजा, हवेत उडालेला कोंडा आणि तिरप्या उन्हात उजळलेला तिचा चेहरा, हनुवटीवरच्या गोंदणासकट. मी तो कडेने थोडा कापला, रंग जरा उबदार केले आणि तेव्हापासून तो माझा सगळ्यांत आवडता फोटो. गेल्या वर्षी हार्ड डिस्क बंद पडली. मूळ फाइलही गेली आणि सुधारलेलीही. उरली ती घरच्या ग्रुपवर कधीतरी टाकलेली प्रत: १२०० बाय ८००, जेमतेम ९४ किलोबाइट.

भाची म्हणाली, "मामा, एका टिचकीत एचडी करून देते." दिलंही. चित्र लखलखीत झालं, पण आत्याच्या सुरकुत्या गेल्या, कोंड्याचं धुकं झालं आणि गोंदण साफ पुसलं गेलं. असं का झालं, हे कळायला ती प्रत ज्या प्रकारात साठवलेली होती त्या जेपेग (फोटो थोड्या जागेत साठवायची पद्धत) फाइलच्या पोटात शिरावं लागतं.

१२०० बाय ८०० म्हणजे ९ लाख ६० हजार ठिपके, म्हणजेच पिक्सेल. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे धरले तर जवळपास २९ लाख बाइट होतात. ते ९४ हजारांत कसे मावले? आधी उजेड आणि रंग वेगळे केले जातात. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून बहुतेक वेळा शेजारच्या चार ठिपक्यांना मिळून एकच रंग दिला जातो. दोन-तीन ठिपक्यांएवढ्या हिरवट गोंदणाचा हिरवेपणा इथेच आजूबाजूच्या कातडीत मिसळला.

पुढची पायरी मला फार सुंदर वाटते. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. या फोटोत असे १५,००० चौकोन आहेत. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे ६४ कोसाइन लहरींची बेरीज म्हणून मांडले जातात. पहिली लहर सपाट, म्हणजे चौकोनाचा सरासरी उजेड. पुढच्या लहरी उत्तरोत्तर बारीक, शेवटची तर बुद्धिबळाच्या पटासारखी. काळोख्या दरवाज्यातला चौकोन एक-दोन लहरींत संपतो. कोंडा उडालेल्या चौकोनाला मात्र बारीक लहरी भरपूर लागतात.

या मांडणीत काहीच हरवत नाही, हिशेब उलटा केला की चौकोन परत मिळतात. रंगानंतर खरं हरवतं ते पुढच्या भागाकारात. समजा एका लहरीचं माप ३७ आहे आणि तिच्यासाठी तुमच्याकडे फक्त १६ रुपयांच्या नोटा आहेत. दोन नोटा दिल्या, ३२ झाले, वरचे ५ सुटले. फाइलमध्ये फक्त '२' लिहिलं जातं. जेपेगच्या मानकात नमुन्यादाखल दिलेल्या तक्त्यात पहिल्या लहरीची नोट १६ ची आहे, शेवटच्या बारीक लहरीची ९९ ची. त्या लहरीचं माप ४५ असेल तर एकही नोट देता येत नाही. शून्य. अशी शून्यांची रांग लागली की ती अगदी थोड्या जागेत लिहिता येते, आणि फाइल लहान होते.

ही लहरींची कल्पना बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांची. १९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे त्यासाठी अनुदान मागितलं आणि ते नाकारलं गेलं. तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. जेपेगचं मानक १९९२ चं. आज आपल्या फोनमधले असंख्य फोटो या गणितावर उभे आहेत, आणि हे नाव आपल्या शाळांत कोणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फोटो सारखा उघडला की झिजतो, ही समजूत मात्र खोटी. उघडा, बघा, पेन ड्राइव्हवर कॉपी करा, एक आकडाही हलत नाही. बदल करून पुन्हा सेव्ह केलं तरच नवी काटछाट होते. त्यातही एक गंमत आहे: काहीही न बदलता त्याच तक्त्याने सेव्ह केलं, तर ३२ मध्ये १६ च्या दोन नोटा नेमक्या बसतात आणि जवळजवळ काहीच जात नाही. पण डाव्या किंवा वरच्या कडेचे ३ ठिपके कापले की सगळे चौकोन सरकतात, जुन्या चौकोनांच्या रेषा नव्यांच्या पोटात येतात आणि नव्याने तोडमोड होते. म्हणून हाती उरलेल्या एकुलत्या प्रतीला हात लावू नये. तिची कॉपी टिफ म्हणून, म्हणजे अशी काटछाट न करणाऱ्या प्रकारात, सेव्ह करून त्यावर काम करावं, आणि जेपेग शेवटी एकदाच.

आणि एचडी करणारं अॅप? ४५ चं शून्य झालं, तसंच ३० चं आणि १२ चंही झालं. शून्याकडे पाहून आधी काय होतं ते कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. ते दुसऱ्या लाखो चेहऱ्यांवरून अंदाज बांधतं. "हरवलेले बारकावे परत आणतो" ही जाहिरात म्हणूनच मला खटकते. त्या अंदाजातल्या चेहऱ्यावर गोंदण नव्हतं, म्हणून आत्याच्याही राहिलं नाही.

कॅमेऱ्याचं जुनं कार्डही तपासलं. कार्डावर फोटो डिलीट केला की बहुधा फक्त यादीतली नोंद खोडली जाते, मजकूर तिथेच असतो. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम जेपेगच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणा शोधून तो उचलतो, मात्र वर नवे फोटो काढलेले नसावेत. मी त्याच कार्डावर पुढे अनेक वर्षं फोटो काढले होते.

मग आठवलं, आत्याच्या वर्षश्राद्धाला चुलतभावाने हाच सुधारलेला फोटो मोठ्या फाइलवरून ८ बाय १२ इंची छापून घेतला होता. तो अजून गावच्या पडवीत लटकतोय. फ्रेम उघडली तर एका कोपऱ्यात कागद काचेला चिकटलेला. ओढला असता तर रंगाचा थर उतरला असता, म्हणून काचेसकट स्कॅन केला. त्याला सीसीडी, म्हणजे भिंगातून बघणारा जाडसर, स्कॅनरच लागतो, कारण स्वस्तातल्या पातळ स्कॅनरना काचेपलीकडचं धूसर दिसतं. ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके धरून, ४८०० बाय ७२०० ठिपके मिळाले.

छोट्या फाइलमध्ये हनुवटीवर एकच करडा डाग होता. स्कॅनमध्ये गोंदणाचे पाच ठिपके मोजता येतात, मधे एक आणि भोवती चार. सध्या काचेवरचे ओरखडे एकेक करून काढतोय. हनुवटीचा भाग तसाच ठेवलाय.