लॅपटॉप कुणाच्या ताब्यात? साहित्य-नोंदीच्या सॉफ्टवेअरमागचा इतिहास

संस्थेतले संगणक वाढत गेले की एक दिवस त्यांची नोंद ठेवायला एक्सेलची शीट पुरेनाशी होते आणि खास सॉफ्टवेअरचा शोध सुरू होतो. पर्याय इतके दिसतात की कशावरून निवडायचे तेच कळत नाही. यातली बरीचशी गुंतागुंत इतिहासातून आली आहे. आज ही सॉफ्टवेअरे एकाच रांगेत मांडलेली दिसतात, पण त्यांच्यामागे दोन वेगळ्या परंपरा आहेत. एक हिशेबनिसांची, दुसरी नेटवर्क सांभाळणाऱ्यांची.

हिशेबाची परंपरा आपल्या ओळखीची आहे. शाळा, सरकारी कार्यालये, सहकारी संस्था, सगळीकडे डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही असते. त्यात वस्तूचे नाव, खरेदीची तारीख, बिल क्रमांक आणि किंमत लिहायची, वस्तूवर रंगाने क्रमांक घालायचा. बदली झाली की चार्ज देताना यादीप्रमाणे वस्तू मोजायच्या आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांनी सह्या करायच्या. वस्तू निकामी झाली तरी मंजुरीशिवाय निर्लेखन, म्हणजे ती यादीतून कमी करणे नाही. या पद्धतीला जुनाट म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. वस्तू कुणाच्या जबाबदारीवर आहे, हा मूळ प्रश्न तिने कधी सोडला नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतही स्थिर मालमत्तेची (फिक्स्ड ॲसेट्स) वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी सांगितली आहे.

संगणक आल्यावर मात्र रजिस्टर अपुरे पडू लागले. ‘संगणक संच, नग 1’ अशी नोंद व्हायची. पुढे त्यातला मॉनिटर दुसऱ्या टेबलावर जायचा, रॅम वाढायची, हार्ड डिस्क बदलायची, आणि नोंद मात्र तशीच राहायची. कपाट वीस वर्षे एका भिंतीला उभे राहू शकते. संगणकाचे तसे नाही. कंपनी कायदा 2013 च्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉप-लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य 3 वर्षे आणि सर्व्हरचे 6 वर्षे धरले आहे.

दुसरी परंपरा या बदलत्या यंत्रातूनच जन्माला आली. नेटवर्कवरच्या उपकरणांची विचारपूस करणारा एसएनएमपी हा प्रोटोकॉल 1988 मध्ये आला. 1994 मध्ये मायक्रोसॉफ्टने सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर आणला. प्रत्येक संगणकात एजंट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा आणि प्रोसेसर कोणता, मेमरी किती, कोणती सॉफ्टवेअरे आहेत, हे यंत्राकडूनच काढून घ्यायचे, अशी ही रीत. वाय-टू-केच्या, म्हणजे 2000 साल उजाडताच संगणकांच्या तारखा चुकतील या धास्तीने असंख्य संस्थांना आपल्याकडे नेमके काय आहे याची यादी करावीच लागली. त्यानंतर सॉफ्टवेअरच्या परवान्यांच्या तपासणीचा विषय मोठा झाला आणि 2006 मध्ये सॉफ्टवेअर-मालमत्ता व्यवस्थापनासाठी आयएसओ 19770-1 हे मानकही आले.

पण एजंटला दिसते ते चालू असलेले आणि नेटवर्कला जोडलेले यंत्र. कपाटात बंद ठेवलेला लॅपटॉप, उत्तर न देणारा प्रोजेक्टर, साधा यूपीएस हे त्याच्या नजरेबाहेर राहतात. यंत्रात कुणी लॉगिन केले ते तो सांगेल. ते यंत्र कुणाला सोपवले होते, ते सांगू शकणार नाही.

मधली जागा स्प्रेडशीटने भरली. 1979 मध्ये व्हिसिकॅल्क आणि 1985 मध्ये एक्सेल आल्यावर रजिस्टर पडद्यावर गेले, पण एक मोलाची गोष्ट त्यात हरवली. कागदावर जुने नाव खोडून नवे लिहिले तरी जुने दिसते. शीटच्या चौकोनात नवे नाव टाकले की आधी लॅपटॉप कुणाकडे होता, कधी परत आला, काहीच उरत नाही. शिवाय लेखा विभागाची प्रत वेगळी, आयटीची वेगळी. 2020 च्या टाळेबंदीत लॅपटॉप घरोघरी गेले तेव्हा ही उणीव अनेकांना जाणवली.

साध्या सॉफ्टवेअरचे महत्त्व इथे कळते. फ्रान्समध्ये 2003 मध्ये सुरू झालेले जीएलपीआय हे मुक्त सॉफ्टवेअर साहित्याची नोंद आणि तक्रारींची तिकिटे, म्हणजे प्रत्येक तक्रारीची क्रमांकासह नोंद, एकत्र ठेवते. 2022 च्या दहाव्या आवृत्तीपासून संगणकांची माहिती आपोआप गोळा करण्याची सोय त्याच्या गाभ्यातच आली. 2013 मध्ये ॲलिसन जियानोटो यांनी सुरू केलेले स्नाइप-आयटी मुद्दाम अरुंद आहे. वस्तू दिली, वस्तू परत घेतली, प्रत्येक हालचाल तारखेसह राहिली, क्यूआर कोडचे लेबल छापले. चार्ज देण्या-घेण्याची तीच रीत इथे नव्या रूपात दिसते, म्हणून लहान संस्थेला मी आधी ते पाहायला सांगेन. दोन्ही फुकट मिळतात, पण आपल्या सर्व्हरवर चालवायचे तर अद्ययावत ठेवणारा आणि बॅकअप घेणारा माणूस लागतो. तो नसेल तर पैसे भरून होस्ट केलेली, म्हणजे पुरवठादाराच्या सर्व्हरवर चालणारी सेवा घेतलेली बरी.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नियमित समर्थन थांबले तेव्हा दोन्ही परंपरांची गरज एकदम पडली: कोणती यंत्रे विंडोज 11 पेलतील हे एजंट सांगतो, ती कुणाच्या टेबलावर आहेत हे रजिस्टर. सॉफ्टवेअर ठरवण्याआधी आपल्याच संस्थेतला तीन हात बदललेला एक जुना लॅपटॉप घ्यावा, खरेदीपासून आजवरची त्याची वाटचाल त्या सॉफ्टवेअरमध्ये भरून पाहावी, आणि सगळी नोंद सीएसव्ही फाइलमध्ये (कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) बाहेर काढता येते का तेही तपासावे.