कमान की पूल? आधी पाणी कुठून गेलं ते बघा

मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेले लोक आता बेळगावात गल्लोगल्ली भेटतात. यूटामधल्या लाल दगडी कमानीपुढचा फोटोही बहुतेकांकडे असतो. त्याखाली कुणी ‘कमान’ लिहितं, कुणी ‘नैसर्गिक पूल’. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पूल वाहत्या पाण्यानं घडतो. पावसाळ्यात गोकाकला घटप्रभेचं गढूळ पाणी कसं उसळतं ते आपण पाहिलेलं आहे. तसाच वाळू-गोटे घेऊन आलेला लोंढा नदीच्या वळणावर एकाच कातळभिंतीला दोन्ही अंगांनी झिजवत राहतो. शेवटी आरपार भोक पडतं, नदी वळसा सोडून खालून सरळ निघते आणि वर पूल उरतो. १९०८ साली संरक्षित झालेल्या यूटातल्याच ‘नॅचरल ब्रिजेस’ या जागी असे तीन मोठे पूल आहेत : सिपापू, काचिना आणि ओवाचोमो. ओवाचोमो फसवतो. त्याच्याखालचा ओढा केव्हाच बाजूला सरकलाय, त्यामुळे तो कमानच वाटतो.

कमानीला नदी लागत नाही. यूटातल्याच ‘आर्चेस’ उद्यानात जमिनीखालचे मिठाचे थर हलले, वरचा वालुकाश्म भेगाळला आणि उभ्या, पातळ भिंती उरल्या. त्यात झिरपलेलं पावसाचं पाणी कणांना धरून ठेवणारा चुना विरघळवतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. वाऱ्यानं कोरली असं सर्रास सांगतात, पण वाऱ्याचा वाटा थोडाच. हे झिजणं थांबलेलं नाही : २००८ मध्ये तिथली वॉल आर्च कोसळली. आपल्या राजगड-रतनगडाची नेढी (कातळातली आरपार भोकं) बेसाल्टमधली, पण खालून ओढा नाही, म्हणून तीही कमानीच्याच जातीची.

चालणाऱ्याला हा फरक पायांत कळतो. आर्चेसमधल्या डेलिकेट आर्च या कमानीला जाऊन-येऊन सुमारे ४.८ किलोमीटर, चढ १४६ मीटर, बराचसा उघड्या कातळावरून. सावली जवळपास नाहीच. पण गडासारखा चढ आधी, उतार नंतर. पुलाकडे मात्र आधी दरीत उतरायचं, सिपापूला तर शिड्यांवरून, आणि दमल्यावर चढायचं. गडांची सवय असलेले इथेच चुकतात. शिवाय कोरड्या हवेत घाम तिथल्या तिथे वाळतो, शर्ट भिजत नाही, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते समजत नाही. माणशी निदान दोन लिटर पाणी घ्या, आणि पूल बघायला उतरत असाल तर त्यातलं निम्म्याहून जास्त परतीच्या चढाला राखा.